भोपळ्याचं डोकं

२ फेब्रुवारी

धाकट्या,

चौदा वर्षांनी दादाचं पत्र आलं म्हणून लगेच छाती फुगवू नकोस. तू परत यावंस म्हणून हे लिहीत नाहीये. भोपळ्या गेला, एवढं कळवायचं होतं. बसच्या ड्रायव्हरकडून तुला ते कधीच कळलं असणार, पण घरच्या माणसानेही कळवायला हवं, असं तुझी वहिनी महिनाभर माझ्या कानाशी म्हणत होती. आज तिने समोर कागद-पेन आणून ठेवलं आणि स्वयंपाकघरातून ओरडली, "चार ओळी तरी लिहा!" तर या झाल्या चार ओळी.

आता सुरुवात केलीच आहे तर सगळं सांगतो. ९ जानेवारीला दुपारी गेला. बसमध्येच. कंडक्टर म्हणून रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी पठ्ठ्याची बस काही सुटली नव्हती, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचा आणि नव्या कंडक्टरला शिकवत राहायचा. कोणी चढायला उशीर केला की स्वतःच हात वर करून गाडी थांबवायला घंटीची दोरी ओढायचा. त्या दिवशी शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरले, हा उतरला नाही. ड्रायव्हर मागे न बघताच म्हणाला, "उतरा आता, का बस घरी घेऊन जाताय?" मग त्याने मागे बघितलं.

ड्रायव्हर दुकानात आला तेव्हा मी औषधवाल्याची दाढी करत होतो. एक गाल झाला होता. ड्रायव्हरने दारातूनच सांगितलं आणि मी वस्तरा तसाच ठेवून पळालो. पळताना मागे पावलं वाजत होती, वळून बघतो तर औषधवाला एका गालाला साबण आणि गळ्यात कापड अशा अवतारात माझ्यामागे. बस स्टँडवरची माणसं मला सोडून त्यालाच बघायला लागली. भोपळ्या जागा असता तर त्याने औषधवाल्याला अर्ध्या तोंडाचं अर्धं तिकीट फाडून दिलं असतं. मला रडायच्या आधी हसू आलं. त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

संध्याकाळी भोपळीण मला म्हणाली, "भावजी, जरा नीटनेटके करा त्यांना. तसेच नको." मी पेटी घेऊन गेलो. दाढी केली. केसांना हात लावला नाही. का, ते पुन्हा कधीतरी सांगेन.

वहिनी बरी आहे. मी बरा आहे. केस वाढलेत माझे, बाकी काही नाही.

दादा


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं. पोस्टमन दाढी करायला येतो, त्याला मी सहज विचारतो, तेवढंच. काल तो म्हणाला, "आलं तर मी दाढीच्या दिवसाची वाट बघणार नाही, काका, पळत येऊन देईन." सहज विचारलेलं लोकांना बरोबर कळतं.

आज सकाळी आरशाशेजारचा शाळेचा फोटो पुसायला काढला. तुला आठवतो का तो? मागच्या रांगेत मधोमध भोपळ्या, आणि त्याच्या डोक्यावर जे काही आहे ते आपलं काम. 

अप्पांचे दुकानाचे दोन नियम होते. पहिला नियम, शंभर डोकी कापल्याशिवाय गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही. मी दहा वर्षांचा, तू सात. शंभर डोकी आणायची कुठून, म्हणून आपण पायरीवर गालाला हात लावून बसलो होतो, तर भोपळ्या म्हणाला, "माझं एक आहे. तेच शंभर वेळा घ्या." आणि डोकं तरी कसलं! टोपीवाल्याने एकदा मापाची फीत लावली आणि पुन्हा लावली, आधी चुकलं असेल म्हणून. असं मोठं, गोल, दाट केसांचं डोकं शिकाऊ माणसाला नशिबाने मिळतं.

आपण त्याची वाटणी केली. उजवी बाजू माझी, डावी तुझी. मध्ये अप्पांच्या कंगव्याने रेघ. तू स्टुलावर उभा राहायचास. फोटोच्या आदल्या दिवशी काय झालं ते आठवून मी आज दुकानात एकटाच हसत बसलो. मी उजवीकडे थोडं जास्त कापलं. मग तू बरोबरी करायला डावीकडे कापलंस, तर ते माझ्याहून खाली गेलं. मग मी. मग तू. कोणीच माघार घेईना. भोपळ्या मधे बसून विचारतोय, "झालं का रे?" आणि आपण दोघं एका सुरात, "थोडंच राहिलं." राहिलं खरंच थोडंच.

त्याच्या आईने आपल्याला ओळीने उभं केलं होतं. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे, मग त्या डोक्याकडे, आणि तोंडाला पदर लावून आत पळाली. आपल्याला वाटलं रडतेय. दुसऱ्या दिवशी फोटोवाल्याने त्याची टोपी काढायला लावली, वर्ग हसला, मास्तर हसले, आणि भोपळ्याने त्या हसण्याला असा हात वर केला की जणू सत्कारच चाललाय. फोटोत तो एकटाच हसतोय, कारण बाकीचे तोपर्यंत हसून दमले होते. नाव त्या दिवशी पडलं ते शेवटपर्यंत राहिलं. पेन्शनच्या कागदावरचं खरं नाव वाचून मला दरवेळी वाटायचं, हा कोण?

आता तुला हसायला एक देतो. तू गेल्यावर माझे केस कोण कापत होतं माहितीये? भोपळ्या. मी दुसऱ्या कोणाच्या खुर्चीत बसणार नाही म्हणून अडून बसलो होतो. लहानपणापासून माझे केस तू कापलेस, तुझे मी. तू नाहीस तर कोणी नको. दोन महिन्यांत माझं ध्यान असं झालं की गिऱ्हाइकं दारातून परत जायला लागली. तेव्हा त्याने कात्री उचलली. "इतकी वर्षं तुमच्या हाताखाली बसलोय, थोडं तरी उतरलं असेल," म्हणाला. काही उतरलं नव्हतं. केसांत पायऱ्या अशा पडायच्या की त्यावरून कोणीही गच्चीत जावं. चौदा वर्षं मी गावाचे केस नीट कापले आणि स्वतः असा हिंडलो. नवीन माणूस दुकानात आला की आधी माझ्या डोक्याकडे बघायचा, मग भिंतीवरच्या आरशात स्वतःकडे बघून विचारात पडायचा.

आता तोही नाही. केस कानांवर आलेत. वहिनी म्हणते, कोपऱ्यावरच्या नव्या सलूनमध्ये जा. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

दादा


३ मार्च

धाकट्या,

हे पत्र लिहायचं की नाही यावर मी आठ दिवस काढले. वहिनी म्हणाली, मनात कुजवण्यापेक्षा कागदावर कुजवा.

मला माहीत होतं.

भोपळ्या तुझ्याकडे येतो, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तू गेल्यावर तिसऱ्या महिन्यात तो खुर्चीत बसला आणि मी कापड बांधताना बघतो, तर महिन्याभराचे केस वाढलेले नाहीत. कोणीतरी मधे कापलेत. खरं सांगतो, माझा जीव जळला. माझ्या खुर्चीत लहानाचा मोठा झालेला माणूस परक्या कात्रीखाली बसून आला होता आणि वर शीळ घालत होता! कोण हा, बघू तरी, म्हणून मी त्याची मान पुढे वाकवली. मानेची कड गोल होती.

मी कड चौकोनी धरतो, तू गोल. अप्पा म्हणायचे, एका बापाची दोन पोरं आणि दोन प्रकारच्या माना. डाव्या कानामागे तू कात्री उभी धरतोस, तिथे केस सावकाश उतरतात, कापल्यासारखे वाटतच नाहीत. ते मला आजवर जमलं नाही. हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. आता लिहून बसलोय.

मी काही बोललो नाही. तोही नाही. त्या दिवसापासून तो एक महिना माझ्याकडे, एक महिना तुझ्याकडे. आणि दुकानात शिरताना एक नवीनच सवय लावून घेतली होती त्याने, आधी पाठ करायचा, मग तोंड दाखवायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं म्हातारपणी विदूषकपणा सुचलाय. मी मात्र कंगवा हातात घेऊन तुझी खबरबात वाचायचो.

तुझं मनगट दुखत होतं तेव्हा मला कळलं, सगळं मशीनवर उरकलं होतंस. पावडर बदललीस ते वासावरून कळलं, जुनीच चांगली होती. एकदा तर मागचं काम इतकं ऐटीत केलेलं होतं, केसन् केस जागच्या जागी, की मी म्हटलं, याच्या घरात काहीतरी मोठं चांगलं घडलंय. भोपळ्या आरशात माझ्याकडे बघून नुसता दात काढत होता. मला राहवेना. मी त्याला म्हटलं, "काय रे, मुलगी की मुलगा?" तो म्हणाला, "कोणाला?" मी म्हटलं, "कोणाला नाही."  मग उठताना दाराशी जाऊन म्हणाला, "नात झालीये. कोणाला नाही."

पाच वर्षांपूर्वी डावीकडे एक बारीक पायरी दिसली. पुढच्या वेळी दोन दिसल्या. तू पायऱ्या पाडणारा नव्हेस. मी दुकानभर ऐकू जाईल असं म्हणालो, "हल्ली लोकांना चष्मा लावायची लाज वाटते, पण त्यात कसली लाज? मी लावलाय की." भोपळ्या म्हणाला, "मला कशाला सांगतोयस?" मी म्हटलं, "तुला कोण सांगतंय?" पुढच्या खेपेला पायऱ्या गायब. लावलास ना? कसला घेतलास, जाड काडीचा की बारीक?

आणि तूही माझं वाचत होतास, हे मला कळलं नाही असं समजू नकोस. मी तापातून उठून त्याचे केस कापले होते, हात थरथरत होता. दोन आठवड्यांनी त्याने मला खांद्याला बांधायचा गरम पट्टा आणून दिला. "बाजारात दिसला म्हणून घेतला," म्हणे. ज्याने चाळीस वर्षांत स्वतःच्या बायकोला रुमाल घेतला नाही तो माझ्यासाठी पट्टा घेतो! तो पट्टा अजून वापरतो मी.

चौदा वर्षं आपण दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही आणि सगळं बोललो. पत्र नाही, फोन नाही, नुसतं त्याचं डोकं जात-येत होतं. आता ते डोकं नाही, म्हणून मला पेन धरावं लागलंय, आणि माझा हात कात्रीवर बसलेला आहे.

दादा


२६ मार्च

धाकट्या,

अजून उत्तर नाही. ठीक आहे. मुख्य गोष्ट मी अजून लिहिलेलीच नाही, तर तू कशाचं उत्तर देणार?

अप्पांचा दुसरा नियम. दुसऱ्याने कापड झटकून "झालं" म्हटलं, हातातला आरसा धरून मागची बाजू दाखवली, की ते डोकं त्याचं. मग ते बरं असो वाईट असो, त्याला कात्री लावायची नाही. लावली तर त्या माणसाच्या थोबाडीत मारल्यासारखं आहे, असं अप्पा म्हणायचे.

मी ती लावली. हेडमास्तरांचा निरोपाचा समारंभ होता, त्यांचा फोटो निघायचा होता, दुकानात सात-आठ माणसं होती. तू कापड झटकलंस. मी शेजारून आरशात बघितलं, मला उजवा कल्ला खाली दिसला, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सरक, वाकडं कापलंयस." आणि कापलं. तू वाद घातला नाहीस. कापडाची घडी घातलीस, खुंटीला लावलंस, कंगवा पुसून जागेवर ठेवलास आणि गेलास. तू शिवी दिली असतीस तर संध्याकाळपर्यंत मिटलं असतं.

आता ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी भोपळ्या गवंड्याकडून ओळंबा घेऊन आला. आरशावर धरला. आरशाचा डावा खिळा अंगठाभर खाली सरकला होता. आरसा वाकडा होता, धाकट्या. तुझं काम सरळ होतं. मी सरळ कल्ला वाकडा केला आणि ते बिचारे सज्जन गृहस्थ तसेच फोटोला बसले. तू डोक्याकडे बघून कापत होतास, मी आरशाकडे बघून बोललो. अप्पांनी हे आपल्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आरसा गिऱ्हाइकासाठी असतो, आपल्यासाठी नाही.

भोपळ्याने खिळा ठोकला, आरसा सारखा केला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याची बस दहाला सुटायची, तू गेलास त्याच गावाला. "येतोस?" म्हणाला. मी म्हटलं, "दुकान कोण बघेल?" मग प्रत्येक खेपेला निघताना तो दारात थांबून विचारायचा, "येतोस?" आणि मी दुकान पुढे करायचो. चौदा वर्षं तो एवढंच विचारत राहिला. कधी टोचून बोलला नाही, कधी चिडला नाही. माझं नाक वर होतं, आणि ते मी त्याच्यासमोर रोज मिरवलं.

९ जानेवारीला तो तुझ्याकडूनच परत येत होता. भोपळिणीने मला बोलावलं तेव्हा मी चादर जरा खाली केली. मानेची कड गोल, ताजी, पावडर अजून कॉलरला होती. डाव्या कानामागे तेच ते, न कापल्यासारखं. कोणीतरी म्हणालं, "वरून थोडे सारखे करा." मी म्हटलं, "ते झालेलं डोकं आहे. त्याला कात्री लागणार नाही." आणि कात्री पेटीत ठेवून दिली. एवढं सोपं होतं ते. चौदा वर्षांपूर्वीही एवढंच करायचं होतं.

चुकलं माझं. त्या दिवशीही चुकलं आणि पुढचा प्रत्येक दिवस गप्प बसलो तेही चुकलं. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की तू यावंस म्हणून लिहीत नाहीये. ते खोटं होतं. ये. तुझी खुर्ची जिथे होती तिथेच आहे. कापड खुंटीलाच आहे, भोपळीण ते दर महिन्याला धुऊन परत लावते.

माझे केस आता मानेवर रुळतात. कापणार तर तूच. नाहीतर असाच राहीन, आणि लोक मला बघून केस वाढवायला शिकतील.

दादा


१४ एप्रिल, संध्याकाळ

धाकट्या,

अरे, काय माणूस आहेस तू!

आज दुपारी ड्रायव्हर दुकानात आला. उन्हात टोपी घालून, ती पण कानांपर्यंत ओढलेली. औषधवाला दाढीला बसला होता. हल्ली तो दाढी पूर्ण होईपर्यंत माझा हात धरून ठेवतो, पुन्हा अर्धवट राहू नये म्हणून. मी ड्रायव्हरला म्हटलं, "बसा. कटिंग?"

"अर्धीच," ड्रायव्हर म्हणाला.

"अर्धी म्हणजे?"

त्याने टोपी काढली. डावी बाजू स्वच्छ, सुरेख. उजवीकडे जंगल. मधे कंगव्याने मारलेली सरळ रेघ.

औषधवाला साबणासकट हसायला लागला. ड्रायव्हर मात्र रडकुंडीला आलेला. "सहा तास बस चालवलीये मी असा! तुमचा भाऊ म्हणाला, ड्रायव्हरसाहेब, खुर्चीत बसा, तुमच्या डोक्याचं काम आहे. मला वाटलं कौतुक करतोय. अर्धं झाल्यावर कापड सोडलं. मी म्हटलं, अहो, उरलेलं? तर म्हणाला, ते माझं नाही, ते दादाचं."

मी तुझ्या खुर्चीत बसलो. चौदा वर्षांत तिच्यावर कोणी बसलं नव्हतं, ती किती जोरात करकरली म्हणून सांगू! "कापड झटकलं का त्याने?" मी विचारलं. "झालं म्हणाला का?"

"नाही हो. तेच तर सांगतोय. झालं म्हणालाच नाही."

म्हणजे डोकं पूर्ण झालेलं नाही. म्हणजे मला कात्री लावायची परवानगी आहे. धाकट्या, तुझी चार पानं आली असती तरी मला एवढं कळलं नसतं.

मग मी त्याची मान वाकवली. डावीकडची कड चौकोनी होती. तुझ्या हातची चौकोनी कड! तू माझ्यासारखी कापलीस. कोपरा जरा बुजरा आलाय, सवय नाही ना, पण चौकोनीच. मी चष्मा काढून पुसला, परत लावला, तरी चौकोनीच.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसा ड्रायव्हर घाबरला. "इतकं वाईट कापलंय का?"

"बसा गुमान," मी म्हटलं.

उजवी बाजू मी तासभर केली. लग्नाच्या नवऱ्यामुलाचीही इतकी कधी केली नसेल. आणि कड गोल धरली. आयुष्यात पहिल्यांदा. ड्रायव्हरने हाताने मान चाचपली. "एक मिनिट. इकडे कोपरा आहे, तिकडे नाही."

मी म्हटलं, "ते तसंच आहे."

"अहो, बायकोला काय सांगू?"

"सांगा, दोघा भावांनी मिळून केलंय."

त्याने मान वळवून आरशात बघितलं. मग म्हणाला, "त्यांना बघायला हवं होतं हे. माझ्यामागे बसून सहा तास हसले असते." मग आम्ही तिघंही हसलो, औषधवाला सगळ्यात मोठ्याने, आणि त्याला भोपळ्या फारसा आवडायचाही नाही.

जाताना ड्रायव्हर दारात थबकला, माझ्याकडे वरून खाली बघितलं आणि म्हणाला, "एक विचारू? तुम्ही केस का वाढवलेत?"

"कापणारा नाही म्हणून," मी म्हटलं.

"तेही हेच म्हणतात," ड्रायव्हर म्हणाला. "त्यांचे खांद्यावर आलेत. आधी तुम्हा दोघांच्या डोक्यांवर सारख्याच पायऱ्या होत्या, म्हणून तर मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं की तुम्ही भाऊ. आता सारखंच जंगल आहे."

धाकट्या! तुझेही केस तोच कापत होता? एक महिना मला बिघडवायचा आणि एक महिना तुला? आणि दोन्हीकडे एक अक्षर बोलला नाही? एवढं मोठं डोकं त्याला उगाच दिलेलं नव्हतं.

मी ड्रायव्हरला विचारलं, "उद्या बस कितीला?"

"दहालाच. येताय?"

मी दुकानाकडे बघितलं. औषधवाल्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "जा. कुलूप मी लावतो."

दादा


१५ एप्रिल, दुपार, बसमध्ये

धाकट्या,

अक्षर हलतंय ते रस्त्यामुळे. थोडं माझ्यामुळेही.

हे पत्र पोस्टात पडणार नाही, मीच घेऊन येतोय. तुझ्या दाराशी आल्यावर माझं तोंड बंद पडलं तर हे तुझ्या हातात देईन आणि भोपळ्यासारखा पाठ करून उभा राहीन.

सकाळी निघताना भोपळीण स्टँडवर आली होती. तुझं खुंटीचं कापड धुऊन, इस्त्री करून घेऊन. म्हणाली, "त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. ज्या दिवशी भावजी बसमध्ये चढतील त्या दिवशी हे त्यांच्याबरोबर दे." मी विचारलं, "आणि मी चढलोच नसतो तर?" ती म्हणाली, "मी पण हेच विचारलं होतं. ते म्हणाले, चढेल. केस वाढले की चढेल."

मी त्याच्या सीटवर बसलोय. ड्रायव्हरच्या मागे. सगळा रस्ता माझ्या डोळ्यांसमोर ती मान आहे, डावीकडे तुझा चौकोन, उजवीकडे माझा गोल, आणि मधे काही जुळत नाही. अप्पांनी बघितलं असतं तर दोघांनाही पायरीवर बसवलं असतं. मला इतकं देखणं डोकं आजवर दिसलेलं नाही. मागची बाई मला दोनदा विचारून गेली, "काका, तुम्हाला काही होतंय का?" हसतोय म्हटलं.

मघाशी एक म्हातारा चढायला वेळ लावत होता. कंडक्टरचं लक्ष नव्हतं. मी हात वर करून घंटीची दोरी ओढली. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि गाडी थांबवून ठेवली.

अजून दोन तास आहेत. माझी कात्री बरोबर आहे, तुझी धार लावून ठेव. आणि खुर्ची एकच रिकामी ठेव. आधी कोण बसणार, यावरून भांडू.

दादा